आधी पत्ता, मग सामान

सर्जापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात ‘कुलूपवाले’ ही शिवी होती, आणि ती रुजवणारी मी होते.

यंत्रात एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. दोन थ्रेडनी एकाच माहितीला एकदम हात घातला की विचका होतो, म्हणून सरळमार्गी माणसं मध्ये कुलूप घालतात. एकाचं आटपेपर्यंत दुसऱ्यानं दाराशी उभं राहायचं. दाराशी उभं राहणं म्हणजे वेळ जाणं, आणि आमच्या धंद्यात वेळ गेला की अब्रू गेली. मी कुलपाशिवाय लिहायचे. सगळी माहिती आधी एका नव्या जागी मांडायची आणि मग एका झटक्यात नुसता पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, बदलायचा. पत्ता बदलतो तो अखंड बदलतो. अर्धा जुना, अर्धा नवा असा पत्ता कुणालाच दिसत नाही. कुणी थांबत नाही, कुणी कुणाला थांबवत नाही. यावर मी दर दोन-तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत व्याख्यान द्यायचे. समोसे असल्यामुळे गर्दी व्हायची. माझ्या समजुतीप्रमाणे ती गर्दी माझ्यासाठी असायची.

ऐकणाऱ्यांत पुण्याहून आलेले आम्ही सात-आठ जण पुढच्या रांगेत. आम्ही आपापसांत मराठी बोलायचो, म्हणजे क्रियापदं मराठी असायची. ‘तो पॉइंटर स्वॅप कर आणि बिल्ड पुश करून टाक’ याला आम्ही मराठी म्हणायचो आणि वर परमुलखात भाषा टिकवल्याचा तोरा मिरवायचो. गणपतीत सोसायटीच्या क्लबहाउसात आरती व्हायची, ती मोबाइलवर बघून म्हणायची. कन्नड दहा वर्षांत कुणालाच आलं नव्हतं. लागतंच कुठे, असं आम्ही म्हणायचो, आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडायचो.

कंपनी रुग्णाच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनवायची. हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेले की मॉनिटर ओरडतो, ते यंत्र. मोठ्या माणसाच्या मर्यादा वेगळ्या, नवजात बाळाच्या वेगळ्या. मोठ्या माणसाचे ठोके नव्वद असले तर काही बिघडत नाही. बाळाचे शंभराखाली आले की नर्सनं धावलं पाहिजे. नव्या मॉडेलचं काम चालू होतं, ते अजून एकाही दवाखान्यात गेलेलं नव्हतं. त्यातला मर्यादांचा भाग माझा होता. रुग्ण बदलला की नव्या मर्यादा नव्या जागी मांडायच्या आणि पत्ता बदलायचा, हे सगळं बिनकुलपी, आणि त्याचं कौतुक मी स्वतःच पुरेसं करत होते.

यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागे, कंपनीची एक शेड होती. खऱ्या मॉनिटरवरची तपासणी तिथं चाले. तपासणारे गृहस्थ एकच. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, मल्लेश्वरमला राहणारे, घरी मराठी बोलणारे. पण त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्यांदा फोन आला तेव्हा म्हणाले, “स्वल्प ऐका अक्का. बाळाचं लिमिट लावलं की हे कधी कधी ओरडतच नाही बघा.”

ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते आणि मला अक्का म्हणत होते. इकडच्या रीतीत तो मान आहे हे मला माहीत होतं. तरी मी नाक मुरडलं. फोन म्यूट करून शेजारच्यांना म्हणाले, ही कसली मराठी, आणि सगळे हसले. मग म्यूट काढून मी गोड आवाजात म्हणाले, “अण्णा, रीतसर नोंदवा, मी बघते.”

त्यांनी रीतसर नोंदवलं. मी बघितलं आणि ‘आढळत नाही’ असा शेरा मारून बंद केलं. त्यांनी पुन्हा नोंदवलं. मी पुन्हा बंद केलं. असं तीनदा झालं.

अण्णा कंत्राटावर होते, नऊ वर्षं. त्या महिन्याअखेर कंत्राट संपत होतं आणि या खेपेला त्यांना कायम करायचं की निरोप द्यायचा हे ठरणार होतं. ठरवायची फूटपट्टी मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितली होती: नोंदवलेले दोष खरे किती निघाले. अण्णांचा हा दोष तीनदा खोटा ठरलेला. चौथ्यांदा खोटा ठरला की नोकरी गेली, हे त्यांना ठाऊक होतं, मॅनेजरला ठाऊक होतं आणि शेरा मारणारीला तर होतंच होतं.

आता मी तपासायचे कसं तेही सांगते, म्हणजे माझ्या विद्वत्तेचा अंदाज येईल. लॅपटॉपवर. मॉनिटरचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवायचा, हजारदा रुग्ण बदलायचा, आणि हजारदा बरोबर आलं की कॉफी प्यायला जायचं. लॅपटॉपमधला प्रोसेसर वेगळ्या जातीचा आणि मॉनिटरमधला वेगळ्या जातीचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. खरा मॉनिटर यशवंतपूरला होता, आणि सर्जापूर रोडवरून यशवंतपूर म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. जाऊन-येऊन दिवस खलास. एका कंत्राटी माणसाच्या भ्रमापायी मी माझा दिवस घालवणार नव्हते.

शिवाय आमच्याकडे एक नियम होता. लॉग जोडल्याशिवाय दोषाची नोंद पुरी धरायची नाही. लॉग म्हणजे यंत्रानं काय काय केलं त्याची यंत्रानंच ओळीओळीनं लिहिलेली डायरी. अण्णा बिचारे लॉग चालू करायचे, आणि दोष गायब व्हायचा. दिवसदिवस काही नाही. लॉग बंद केला की तासा-दोन तासांत हजर. लपवायचं ठरवलं असतं तर त्यांना लपवता आलं असतं, पण त्यांनी हे सरळ लिहून पाठवलं: लॉग चालू असताना होत नाही, बंद असताना होतं. त्यावर मी सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं, ‘यंत्र लाजतं का?’ पुढे हसरा चेहरा टाकला. त्याला बाराजणांनी अंगठे दिले.

या विषयातलं ज्याला ओ की ठो कळत नाही त्यानं ही थट्टा केली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. लॉगची ओळ लिहिताना यंत्र क्षणभर अडखळतं आणि त्या अडखळण्यात घाईचे गोंधळ झाकले जातात, हे मीच व्याख्यानात सांगायचे. त्यावर लोक ओळखीचं हसायचेही, कारण आमच्याकडे तो चक्क इलाज होता. न सापडणारा दोष लॉगच्या ओळीनं गप्प बसला की ती ओळ तिथंच ठेवायची आणि वर लिहायचं, ‘ही ओळ काढू नका.’ का, ते लिहायचं नाही, कारण लिहिणाऱ्यालाच माहीत नसायचं. आमच्या कोडमध्ये अशा तीन ओळी होत्या आणि लोक त्यांना हात लावायला घाबरायचे. अण्णांनी माझ्याच व्याख्यानातला दाखला मला आणून दिला होता, आणि मी त्यांची टिंगल करून मोकळी झाले.

चौथ्यांदा नोंद आल्यावर मॅनेजर वैतागला. “एकदा जाऊन ये आणि विषय संपव,” तो म्हणाला. विषय संपव म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

बुधवारी मी गेले. रस्ताभर चरफडत गेले. शेडबाहेर कांद्याचे ट्रक उभे, आत पत्र्याचं छत तापलेलं, आणि एका लांब टेबलावर दोन मॉनिटर. शेजारी सिम्युलेटर, म्हणजे खोटे ठोके पुरवणारी पेटी. अण्णांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. थर्मासमधून घरची कॉफी आणली होती. मी कॉफी घेतली आणि मोबाइल काढला. किती वेळ लागेल, असं विचारलंसुद्धा.

“सांगता येत नाही अक्का. स्वल्प बसा.”

पेटीवर नव्वद ठोके लावलेले. अण्णा मॉनिटरवर मोठा माणूस लावायचे, दुसरा मोठा माणूस लावायचे, मग बाळ लावायचे. बाळ लावलं की मॉनिटर ओरडायचा, कारण नव्वद म्हणजे बाळासाठी कमी. ओरडणं बंद करायचं, पुन्हा पहिल्यापासून. न कंटाळता, न बोलता, एका लयीत. मी मेल वाचत होते. तास गेला, दुसरा गेला. त्या टूं-टूंची कानाला इतकी सवय झाली की ती थांबली तेव्हाच मी मान वर केली.

पडद्यावर बाळाच्या मर्यादा दिसत होत्या. खाली आकडा नव्वद. आणि यंत्र गप्प. अण्णांनी हात मागे घेतले होते, कशालाही स्पर्श नको म्हणून. “बघा अक्का,” एवढंच म्हणाले.

मी बघितलं, आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. दोष कुठे आहे, कुठल्या ओळीत आहे, त्या ओळीत कुठला शब्द आहे, सगळं. कारण तो शब्द मी मुद्दाम निवडला होता.

घर बदलताना शहाणा माणूस आधी सामान लावतो आणि मग लोकांना नवा पत्ता कळवतो. माझ्या कोडमध्येही ओळी त्याच क्रमानं होत्या: आधी मर्यादा मांडा, मग पत्ता बदला. पण कागदावर क्रम लिहिला म्हणून प्रोसेसर तो पाळतोच असं नाही. मॉनिटरमधल्यासारखा प्रोसेसर सोयीनं कामं पुढेमागे करतो. पत्ता आधी पोचतो, सामान अजून टेम्पोत असतं. ओरडणारा थ्रेड नव्या पत्त्यावर जातो तर तिथं आधीच्या भाडेकरूचं सामान पडलेलं, म्हणजे कुठल्या तरी आधीच्या मोठ्या माणसाच्या मर्यादा. तो त्याच उचलून घेऊन येतो आणि पुढचा रुग्ण येईपर्यंत त्याच वापरतो. पडदा रंगवणारा थ्रेड सावकाश जातो, तोवर सामान आलेलं असतं, म्हणून पडद्यावर सगळं बरोबर. लॅपटॉपमधला प्रोसेसर असले लिखाणाचे क्रम सहसा मोडत नाही, म्हणून माझ्या टेबलावर हजारदा बरोबर.

हे टाळायची सोय भाषेतच दिलेली आहे. पत्ता बदलताना एक शब्द लिहायचा, की याआधीचं सगळं सामान पोचल्याशिवाय पत्ता कळवू नकोस. पत्ता वाचणाऱ्यानं जोडीचा दुसरा शब्द लिहायचा. दोन शब्द. त्यांच्या जागी मी ‘रिलॅक्स्ड’ लिहिलं होतं, म्हणजे क्रमाचं बंधन नको, जमेल तसं कर. का, तर त्यानं प्रत्येक वाचनामागे वेळ वाचतो. किती? माणसाच्या कुठल्याच कामाला न जाणवेल इतका. पण स्लाइडवर तो आकडा फार देखणा दिसायचा. नवजात बाळांच्या यंत्रात मी ही शोभा करून ठेवली होती, आणि वर कुलूपवाल्यांना हसत होते.

“दिसलं ना अक्का?”

“दिसलं. बघते मी.”

एवढंच म्हणाले. ओळ माझी आहे हे म्हणायला तिथं कुणी अडवलं नव्हतं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. अण्णा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले, कॅबवाल्याला कन्नडमध्ये कुठून काढायची ते सांगितलं, आणि काचेशी वाकून म्हणाले, “तुम्ही आलात ते चांगलं झालं. आता कुणीतरी बघितलंय म्हणून सांगता येतं.” चेहरा इतका उजळलेला होता की मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

गुरुवारी सकाळी मी ते दोन शब्द बदलले. आमच्याकडे कुणीही काही बदललं की दुसऱ्यानं तपासून होकार द्यायचा असतो. बदलाला मी शीर्षक दिलं ‘किरकोळ साफसफाई’. दोघांनी दोन मिनिटांत होकार दिला. त्यातल्या एकानं तर लिहिलं की तुमचं काय तपासायचं. दुसरं काम उरलं होतं ते म्हणजे अण्णांची नोंद उघडून तिच्यात खरं काय ते लिहिणं. ते मी सोमवारवर ढकललं. नीट लिहायचं होतं. चूक माझी, पण किती सूक्ष्म चूक, किती जणांची होते, असं जरा माझं नाक वर राहील अशा भाषेत लिहायचं होतं. त्याला वेळ हवा होता.

शुक्रवारी सकाळी मॅनेजरचा निरोप आला: अण्णा आज सगळ्यांसमोर व्हिडिओवर दोष दाखवणार आहेत. अण्णांनीच मागणी केली होती. साक्षीदार मिळाला होता ना त्यांना.

पडद्यावर आम्ही बाराजण आणि मधल्या चौकटीत यशवंतपूरचं टेबल. सुरुवातीलाच मॅनेजरनं सांगितलं की प्रात्यक्षिक आजच्या ताज्या बिल्डवर होईल, म्हणजे कालपर्यंतचे सगळे बदल ज्यात आहेत त्या प्रोग्रॅमवर. अण्णा म्हणाले, परवाच्याच प्रोग्रॅमवर दाखवतो, त्यावर होतं. मॅनेजर म्हणाला, नियम म्हणजे नियम. अण्णांनी ताजं बिल्ड चढवलं. त्यात गुरुवारचे माझे दोन शब्द होते, आणि मी काहीही केलं नाही.

दहा वाजता त्यांनी सुरुवात केली. मोठा माणूस, मोठा माणूस, बाळ. ओरडलं. मोठा माणूस, मोठा माणूस, बाळ. ओरडलं. अकरा, बारा, एक. लोक येत-जात होते, चौकटीत जेवत होते. अण्णा जेवायला उठले नाहीत. मधेच त्यांनी पेटीच्या तारा काढून पुन्हा जोडल्या, एकदा दुसरा मॉनिटर घेतला. तीनच्या सुमाराला कुणीतरी बाजूच्या चॅटमध्ये लिहिलं, ‘यंत्र लाजतं का?’ आणि हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. माझंच वाक्य माझ्यासमोर दात काढत होतं. ते यंत्र आता गप्प बसूच शकत नव्हतं. आणि बाराजणांत हे फक्त मला माहीत होतं.

चार वाजता मॅनेजर म्हणाला की आता पुरे. तेव्हा अण्णा पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे वळले. बाकीच्यांशी ते तोडक्या हिंदीत बोलत होते, पण हे मराठीत म्हणाले. “अक्का, परवा तुम्ही बघितलंत ना? सांगा की स्वल्प त्यांना.”

माझा माइक बंद होता. तो चालू करायला मी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. मग इंग्रजीत, सगळ्यांना समजेल असं म्हणाले, की एकदा आवाज आला नाही असं वाटलं होतं, पण मी तेव्हा मेल बघत होते, खात्रीनं काही सांगता येणार नाही.

मेल बघत होते हे खरं होतं. खोटं बोलताना मी त्यात एक खरं वाक्य घातलं, एवढी अक्कल मला होती.

अण्णांनी मान हलवली. “सरी,” म्हणाले, म्हणजे ठीक. “मग माझीच काहीतरी चूक असेल.” आणि त्यांनी पेटीचं बटण बंद केलं.

भीती वाटली म्हणून मी तसं बोलले, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. भिण्यासारखं काही नव्हतं. चूक कबूल केली म्हणून आमच्या कंपनीत कुणाची नोकरी जात नाही. कायम नोकरीतल्या माणसांची तरी नाही. बाराजणांच्या चौकटींसमोर, समोसे खाऊन माझं ऐकणाऱ्यांसमोर, माझा शब्द चुकला हे मला म्हणायचं नव्हतं. त्याहून मोठं काहीही कारण नव्हतं. शनिवार-रविवार मी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारल्या आणि स्वतःची किळस करत राहिले, पण फोन उचलून अण्णांना लावला नाही.

सोमवारी मी लिहिलं. सगळं लिहिलं, दोन शब्दांचं, लॉगचं, बुधवारी डोळ्यांनी बघितल्याचं. नाक वर ठेवायचा बेत शुक्रवारीच बारगळला होता. आणि मग मॅनेजर माझ्या टेबलाशी आला, हसत. काय अवघड दोष पकडलास, म्हणाला. यावर सगळ्यांसाठी एक व्याख्यान ठेव. मी म्हणाले, मी नाही पकडला, अण्णांनी पकडला, मी तर चार महिने नाकारत होते. तो म्हणाला, हो हो, टीमवर्क. मी म्हणाले, त्यांना परत बोलव. त्यानं चेहरा पाडला. अण्णांना पाठवणाऱ्या ठेकेदाराला शुक्रवारी संध्याकाळीच नकार कळवला होता, जागा बंद झाली होती, आता पुढच्या वर्षी बघू. मी आवाज चढवला. मनुष्यबळवाल्या बाईंकडे गेले, तिथंही चढवला. त्यांनी मला पाणी दिलं आणि प्रक्रिया समजावून सांगितली. यंत्रात उलटा झालेला क्रम दोन शब्दांनी सरळ होतो. इथं कुठलेच शब्द लागू पडेनात.

संध्याकाळी पाचला मी मल्लेश्वरमला गेले. वह्या-पुस्तकांच्या दुकानावरचा पहिला मजला. दार अण्णांच्या बायकोनं उघडलं, “या अक्का, या,” म्हणाल्या, जणू मी नेहमीची. कॉफी आली. अण्णा लुंगीवर, समोरच्या खुर्चीत. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले.

“शुक्रवारचं मनाला लावून घेऊ नका अक्का. तुम्ही खरं तेच सांगितलं. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, शेजारी बसून तुम्हालाच खात्री नाही, त्या दिवशी माझं मन राखायला दिसलं म्हणालात, म्हणजे ते नव्हतंच. मीच चार महिने नसलेलं बघत बसलो.” मग जरा हसले. “शनिवारी जाऊन डोळे दाखवून आलो.”

मी कप खाली ठेवला.

“डॉक्टर म्हणाले डोळे एकदम सरी आहेत, कानही बघितले, तेही सरी. तेव्हा जास्त भीती वाटली. म्हणजे डोक्यात काही झालं असेल. आमच्या वडिलांना शेवटी शेवटी असं व्हायचं, नसलेली माणसं दिसायची.”

“रात्री झोपत नाहीत,” त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या. “काल स्कूटरची किल्ली माझ्याकडं देऊन टाकली. म्हणाले, रस्त्यात काही दिसलं नाही तर? येत्या गुरुवारी डोक्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय.”

मी म्हणाले, “अण्णा, ते होतं. बुधवारी आपण दोघांनी बघितलं ते खरं होतं. माझ्याच ओळीत होतं. मी गुरुवारी ते काढून टाकलं.”

 नोकरीचं काही विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही.

“म्हणजे शुक्रवारी ते होणारच नव्हतं.”

“नव्हतं.”

“आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

अण्णा उठले. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं तर मला ते हवं होतं. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. बायकोपाशी गेले, तिचे दोन्ही दंड धरले आणि मोठ्यानं म्हणाले, “ऐकलंस? होतं ते! मी बघितलं ते होतं!” आवाज फाटला. ती रडू लागली, तेही रडू लागले, रडता रडता हसत होते आणि कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, मला समजणार नाही इतक्या भरभर. मी खुर्चीत बसून होते.

बऱ्याच वेळानं त्यांच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले, पुढे आल्या आणि माझ्यासमोरचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता.

“निघा आता तुम्ही, अक्का,” त्या म्हणाल्या.